आक्काची दुपार

थोरल्या दिरांसमोर मी कधी उभी राहिले नव्हते. लग्न होऊन त्या घरात आले त्याला दोन वर्षं होत आली होती, मांडीवर लेक होती, पण त्यांचा चेहरा कसा आहे असं कोणी विचारलं असतं तर मला नीट सांगता आलं नसतं. ते पडवीत आले की मी पदर पुढं ओढून भिंतीकडं वळायची. ते जेवायला बसले की त्यांना वाढायला मी जायची नाही. त्यांना काही निरोप द्यायचा झाला तर तो आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंना सांगायचा आणि आक्कानं पुढं पोचवायचा. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराचा असा आदब राखायचा, हे आमच्याकडं तेव्हा कोणाला शिकवावं लागत नव्हतं. पुढं जे झालं त्यात या गोष्टीचा फार मोठा वाटा आहे, म्हणून ती आधी सांगितली.

माझं माहेर पौडचं. वडील तिथल्या शाळेत मास्तर, त्यामुळं मी सातवीपर्यंत शिकले. सासर माले गावाच्या पुढं, धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. चांगली जमीन धरणानं नेली होती. उरलेल्या उतारावर भाताची खाचरं होती, वर नाचणी-वरई, आणि दिवाळीनंतर डोंगरातलं गवत कापून पुण्याच्या गवळ्यांना घालायचं. छप्पन-सत्तावन्न साल असेल. एसटी पौडपर्यंत नेमानं यायची, पुढं आली तर आली. गवत बैलगाडीनंच जायचं.

थोरल्या दिरांची माझी ओळख होती ती आवाजानं. भिंतीपलीकडून तो ऐकू यायचा. हळू बोलणारा माणूस. बैलांवर ओरडायचे नाहीत, आक्काला हाक मारायची तर आधी खाकरायचे. सासरे लवकर वारले, तेव्हापासून घर त्यांच्याच खांद्यावर होतं. माझे मालक त्यांना वडलांसारखे मानत.

त्या साली गवत उदंड झालं. दोघे भाऊ दोन गाड्या भरून निघाले. पुढं थोरले, मागं आमचे. पौडच्या अलीकडच्या उतारावर पुढच्या गाडीचं चाक धोंड्यावर चढलं, गाडी कलली, आणि पेंढ्यांवर बसलेले दीर डोक्यावर खाली आले. खाली खडीचा रस्ता. आमच्या मालकांनी ते सगळं मागून पाहिलं. त्याबद्दल ते मला एकदाच बोलले. म्हणाले, “आवाजबी न्हाई झाला गं. नारळ पडावा तेवढाच.”

रस्त्यानं जाणाऱ्या एका ट्रकमधून त्यांना पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. बरेच दिवस शुद्ध नव्हती. आक्का तिथंच व्हरांड्यात राहिली. इकडं आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, देवापुढून उठत नव्हत्या. शेवटी निरोप आला, डोळे उघडले, माणूस वाचला. आत्याबाईंनी घरोघर गूळ वाटला.

त्यांना घरी आणलं त्या दिवशी सगळा गाव दारात होता. मी दाराच्या फटीतून पाहिलं. डोक्याचे केस काढलेले, कानाच्या वर टाक्यांची वाकडी रेघ, डावा हात लोंबता. लोक म्हणत होते, हात येईल हळूहळू, केस येतील, खाऊपिऊ घाला. दवाखान्यातूनही एवढंच सांगितलं होतं. जो माणूस गाडीवर बसून गेला होता तो परत आलेला नाही, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. ते आमचं आम्हाला कळत गेलं, आणि सगळ्यांत आधी आक्काला कळलं.

जेवून हात धुतला की ते पुन्हा जेवायला मागायचे, आणि जेवलात म्हटलं की ताट भिरकावायचे. शब्द चुकायचे. पाणी हवं असलं की ‘जू’ म्हणायचे, आणि जू कशाला असं विचारलं की संतापानं लाल व्हायचे. मध्येच उठून गाडी जुंपायला निघायचे. आवाज तर मुळीच सोसायचा नाही. मुसळाचा धपका बसला की दोन्ही कानांवर हात दाबून, म्हणजे एका कानावर उजवा हात आणि दुसरा कान खांद्यात खुपसून, ओरडायचे. आम्ही भात कांडायला शेजारच्या काकींच्या अंगणात जाऊ लागलो. आक्काची दोन मुलं होती, खेळती-भांडती. त्यांच्या गलक्यानं चिडून एकदा दिरांनी थोरल्या मुलाच्या अंगावर पाट फेकला. तो भिंतीला लागून फुटला. दुसऱ्याच दिवशी आक्काचा भाऊ येऊन दोन्ही पोरांना भऱ्याला, तिच्या माहेरी, घेऊन गेला. धाकटी तिच्या पदराला धरून रडत होती, आणि रडू नको म्हणून आक्का तिचं तोंड हातानं दाबत होती. आवाज आत जाऊ नये म्हणून.

उरली माझी तान्ही लेक. तिचा आवाज निघायच्या आधीच मी तिला पदराखाली घ्यायची. झोपेत तिनं हुं केलं तरी माझं अंग ताठ व्हायचं. कित्येक दिवस त्या घरात आम्ही सगळेच हळू चालत होतो, भांडं ठेवताना खाली हात लावून ठेवत होतो, आणि तरी कधी काय होईल याचा नेम नव्हता.

आक्का जवळ असली की मात्र ते थोडे निवायचे. तिच्या हातचं खायचे, तिनं धरलं की बसायचे. ते पाहून आत्याबाई म्हणाल्या, “त्यो तिचंच ऐकतुया. नवऱ्याचं बायकूनंच करायचं आसतं.” आणि ते ठरूनच गेलं. आत्याबाईंना डोळ्यांनी कमी दिसायचं. मला समोर जायची मुभा नव्हती. आणि आमचे मालक सकाळी भाकरी बांधून रानात जायचे ते तिन्हीसांजेला यायचे. एकदा मी म्हटलं, “घटकाभर दादांपाशी बसा की. आक्काला आंघोळीला तरी सवड मिळंल.”

ते म्हणाले, “मला त्येंच्याकडं बघवत न्हाई. त्येंची गाडी मीच लई वर रचली हुती.”



म्हणजे खाऊ घालणं, धुणं, परसाकडं नेणं, शिव्या खाणं, मार खाणं, हे सगळं एकट्या आक्कावर आलं. रात्री ते उठून जाऊ नयेत म्हणून ती आपल्या लुगड्याचा पदर त्यांच्या मनगटाला बांधून निजायची. निजायची म्हणजे आडवी व्हायची. तिच्या कपाळावर एकदा खोक पडली. पाणवठ्यावर बायकांनी विचारलं तर म्हणाली, दार लागलं. दिरांनी फेकलेला तांब्या चेपला होता, तो मीच कोनाड्यात मागं लपवून ठेवला.

गावातून, भावकीतून माणसं भेटायला यायची. ओसरीवर बसायची, चहा प्यायची, “आता कसं हाय?” म्हणून विचारायची. विचारायची ती त्यांच्याबद्दल. चहा घेऊन येणारी बाई तेवढ्या महिन्यांत अर्धी झाली होती, तिच्या चोळीच्या बाह्या दंडावर ढिल्या पडल्या होत्या, ते कोणी पाहत नव्हतं. मी पाहत होते. मी म्हणायची, “आक्का, दोन घास खाऊन घे.” ती म्हणायची, “खाते की.” आणि हातातली भाकरी तशीच टोपलीत परत जायची. पूर्वी ती जात्यावर बसली की मला हसवून हसवून बेजार करायची. आता तिला काही सांगितलं तर ती ऐकून घ्यायची, आणि थोड्या वेळानं विचारायची, “काय म्हनलीस?”

चैत्राचे दिवस आले. पुरुषमाणसं रानात राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन जाळायला गेली होती. डोंगरावर जागोजाग धूर दिसत होता. दुपारची वेळ. थोरले दीर जेवून पडवीत पडले होते, आत्याबाईंना आतल्या खोलीत डुलकी लागली होती, माझी लेक माजघरात पाळण्यात. आक्का हंडा घेऊन म्हणाली, “जागं व्हायच्या आत येते.” आणि खाली पाण्यावर गेली.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी लांब हटायचं. काठाला भेगाळलेला चिखल, आणि त्याच्या अलीकडं एक झरा होता, तिथून आम्ही पिण्याचं भरायचो. जाऊन यायला वेळ लागायचा, पण एवढा नाही. मी दारात जाऊन पाहिलं. पुन्हा आत आले. पाळण्याला झोका दिला. पुन्हा दारात गेले. पायवाट रिकामी होती.

सकाळपासून आक्का तेवढं एक वाक्य सोडलं तर काही बोलली नव्हती. जाताना तिनं पायातली चप्पल काढून नीट भिंतीशी लावून ठेवली होती. पाण्यावर जाताना ती कधी चप्पल काढत नव्हती.

लेकीला उचलावं तर ती जागी होऊन रडणार, आणि दीर उठणार. मी तिला तशीच ठेवली, पदर खोचला आणि धावत सुटले.

आक्का झऱ्यापाशी नव्हती. हंडा होता, आडवा पडलेला. ती पुढं, पाण्याच्या काठाला, चिखलात बसली होती. पाय घोट्यापर्यंत रुतलेले, हात मांडीवर उपडे. समोर सगळं धरण पसरलेलं, वाऱ्याची झुळूकही नाही.

“आक्का, चल. ऊन किती हाय.”

तिनं वळून पाहिलं नाही. म्हणाली, “मी आता वर येत न्हाई. तू जा.”

“असं काय बोलतीस? ते जागं व्हतील.”

“होऊ दे की.” एवढंच. रागानं नाही, रडून नाही. ‘उद्या बाजार हाय’ म्हणावं तशा आवाजात.

मी तिचा हात धरला. हात नुसता भाजत होता. अंगात ताप होता, किती दिवसांचा कोणास ठाऊक. मी ओढलं तर ती उठेना. तिला उठवतच नव्हतं. मी तिला काखेत धरून उचलायला गेले तर आम्ही दोघीही चिखलात बसलो. आणि त्याच क्षणी मला वरून, घराच्या बाजूनं, लेकीचं रडणं ऐकू आलं. एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य होतं की नव्हतं, आजही मला सांगता येत नाही. पण मी ऐकलं.

आक्कानंही ऐकलं असावं. तिचा चेहरा एकदम बदलला. “पळ,” ती म्हणाली. “अगं पळ, ते पोरीला…” आणि स्वतः उठायला गेली नि कोसळली.

मी कुठं जाणार होते? इथं पाणी दोन हातांवर, तिथं माझं लेकरू. मी अशी ओरडले की पलीकडच्या खडकावर धुणं धूत असलेल्या शेजारच्या काकी हातातलं लुगडं टाकून धावल्या. मी म्हटलं, “काकी, हिला सोडू नगा. काय बी म्हनली तरी सोडू नगा.” काकी आक्काच्या शेजारी चिखलात बसल्या आणि तिच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातली. मी वर धावले.

ती चढण मी कशी चढले ते आठवत नाही. घराच्या दारात पोचले तेव्हा लेक टाहो फोडून रडत होती आणि थोरले दीर पाळण्यापाशी उभे होते. उजव्या हातात पाळण्याची दोरी, मुठीत आवळून धरलेली. एक कान खांद्यात खुपसलेला. आत्याबाई आतल्या दाराच्या चौकटीला धरून “बाबा, सोड रं, बाबा, सोड” म्हणत होत्या, पण त्यांची पुढं यायची हिंमत होत नव्हती. दोरीला एक हिसडा बसला आणि पाळणा वाकडा झाला.

माझ्या डोक्यावर पदर नव्हता. तो चढणीवरच कुठंतरी घसरला होता. मी तशीच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडं पाहून बोलले.

“दादा.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत संताप असेल असं मला वाटलं होतं. तिथं भीती होती. पाण्यात पडलेल्या माणसाच्या डोळ्यांत असावी तशी.

“वासरू,” ते म्हणाले. “वासरू वरडतंय. कवाचं वरडतंय.”

आक्का असती तर काय म्हणाली असती ते मला माहीत नव्हतं. वासरू नव्हे, पोर आहे, असं म्हणावं का? तोंडाशी आलं होतं. पण त्यांना कोणी चूक दाखवली की काय होतं ते मी भिंतीआडून किती वेळा ऐकलं होतं.

“व्हय दादा,” मी म्हटलं. “भुकेजलंय. गोठ्यात वैरण न्हाई. तुमी वैरण टाकता का? मी ह्याला बघते.”

ते उभेच राहिले. लेक रडतच होती. मी हात पुढं केला नाही, पाळण्याकडं पाहिलं नाही. नुसतं म्हटलं, “बैलबी उपाशी हायेत.”

बैल म्हटल्यावर त्यांची मूठ सुटली. दोरी हातातून गळली. ते वळले आणि पाय ओढत मागल्या दारानं गोठ्याकडं गेले. मी लेकीला उचलून छातीशी घट्ट धरलं. मी तिला घेऊनच गोठ्याच्या दारापर्यंत गेले. ते एका हातानं पेंढी सोडवत होते. बंद सुटेना तर दातांनी धरून ओढत होते. गाडीचे बैल राबाच्या कामावर गेले होते, गोठ्यात एक म्हातारी गाय होती. तिच्यापुढं त्यांनी वैरण टाकली, तिच्या मानेवर हात ठेवला आणि त्याच जुन्या हळू आवाजात काहीतरी पुटपुटले. त्यांचा तो आवाज मी कित्येक महिन्यांनी ऐकला.

काकींनी दोघा-तिघींना हाक मारून आक्काला वर आणलं. ती शुद्धीवर होती, पण डोळे उघडत नव्हती. तिला घोंगडीवर निजवलं. आणि आत्याबाई माझ्यावर कडाडल्या. “उघड्या डोक्यानं थोरल्या दिराम्होरं हुबी ऱ्हायलीस? बोललीस त्येच्याशी? मास्तराची लेक म्हनून घरात आनली ती ह्यासाठी?”

मी लेकीला मांडीवर घेऊन आक्काच्या उशाशी बसले होते. म्हटलं, “आत्याबाई, उद्यापासनं मी रोज बोलनार हाय.”

माझे मालक रानातून आले तेव्हा अंधार पडला होता, म्हणून संध्याकाळी त्यांनी गाडी जुंपली नाही. सकाळी उजाडताच जुंपली. आक्काला पौडच्या सरकारी दवाखान्यात नेलं, सोबत लेकीला घेऊन मी. दिरांपाशी काकींचा मुलगा आणि आत्याबाई राहिल्या. दीर पडले होते त्या उताराशी आल्यावर मालक गाडीवरून खाली उतरले आणि बैलांच्या पुढं चालत राहिले, उतार संपेपर्यंत.

डॉक्टर वयस्कर होते, पुण्याकडचे. त्यांनी आक्काची नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, छातीला नळी लावली. मग विचारलं, “ताप कधीपासून आहे?”

कोणालाच सांगता येईना.

“झोप लागते का, बाई?”

“झोपलं तर ते उठून जात्याल,” आक्का म्हणाली.

“बरं. जेवता कधी?”

“त्येंचं झालं की.”

“आणि त्यांचं कधी होतं?”

आक्कानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तिला रडू फुटलं. नवरा पडला तेव्हा ती रडली नव्हती, पोरं गेली तेव्हा रडली नव्हती. आता थांबेना. डॉक्टरांनी तिला थांबवलं नाही. ते उठून खिडकीशी गेले आणि तिचं रडणं ओसरल्यावर आमच्या मालकांना म्हणाले, “मागं एवढं काय झालंय ते सगळं सांगा.”

मालकांनी सांगितलं. तुटक तुटक, खाली पाहत. गाडी कोणी रचली होती तेही सांगितलं, न विचारता.

डॉक्टर म्हणाले, “तुमच्या भावाच्या मेंदूला मार लागलाय. त्यात काय सुधारेल आणि काय नाही, ते मला सांगता येणार नाही. पुण्यालाही कोणी छातीठोक सांगेल असं वाटत नाही. पण हे चार महिन्यांचं दुखणं नव्हे, वर्षानुवर्षांचं आहे. एवढं सगळं एका बाईवर टाकलंत तर ही बाई उरणार नाही. मग तुम्हाला दोघांचं करावं लागेल, किंवा एकाचं, आणि ते करायला ही नसेल.”

“मंग काय करू, सायेब?”

“तापाचं औषध देतो. रक्त कमी झालंय, त्याचंही देतो. पण आधी यांना त्या घरातून काही आठवडे बाहेर काढा. माहेर आहे ना? तिथं पाठवा. आणि परत आल्यावर रोज काही वेळ यांचा स्वतःचा असला पाहिजे. तेवढ्या वेळात भावाकडं दुसऱ्या कोणीतरी बघायचं. रोज. आठवण झाली तर नव्हे.”

आक्का घाईघाईनं डोळे पुसून म्हणाली, “मी गेले तर त्येंचं कोन बगल? ते दुसऱ्या कुनाचं ऐकत न्हाईत.”

“काल ऐकलं,” मी म्हटलं.

मालकांनी माझ्याकडं पाहिलं, मग आक्काकडं. म्हणाले, “वैनी, मी बघीन.”

तिथूनच आक्काला एसटीनं भऱ्याला पाठवलं. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून मला सांगत होती. ताक घट्ट देऊ नको, कण्या मऊ शिजव, डाव्या अंगानं उठवू नको. कंडक्टरनं घंटी मारली तरी सांगतच होती.

ते आठवडे फार वाईट गेले. सगळं सुरळीत झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. दीर दिवसभर तिला शोधायचे. कधी इकडं, कधी तिकडं, कणगीच्या मागं, गोठ्यात. तिचं नाव त्यांना आठवत नव्हतं, ते ‘ती’, ‘ती’ म्हणायचे. पहिल्या दिवशी आंघोळ घालताना त्यांनी माझ्या मालकांच्या तोंडावर असा हात मारला की ओठ फाटला. मालक रक्त पुसत बाहेर येऊन अंगणात बसले. मी पाणी घेऊन गेले. ते म्हणाले, “वैनी हे रोज खात हुती?” थोड्या वेळानं ते उठून परत आत गेले.

रानातलं काम मागं पडलं. राब अर्धा तसाच राहिला. भावकीतल्या दोघांनी येऊन उरलेला भाजून दिला. आत्याबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. पण एक दिवस मी चुलीपुढून उठले तर पडवीत आत्याबाई लेकाजवळ बसलेल्या, हातानं चाचपून त्याच्या तोंडात घास घालत होत्या. घास गालाला लागत होता, हनुवटीवर सांडत होता. दीर मुकाट्यानं खात होते. दुसऱ्या दिवसापासून सकाळचं जेवण आत्याबाईंकडं आलं.

माझ्या वाट्याला दुपार आली. गोठ्यातली कामं मी त्यांच्यासाठी राखून ठेवायची. पेंढी सोडवणं, गायीला पाणी दाखवणं, शेण एका जागी ओढणं. एका हातानं जेवढं होईल तेवढं. काही दिवस ते करायचे, काही दिवस पेंढी लाथाडायचे. मी डोक्यावर पदर घ्यायची, पण तोंड लपवायची नाही. गावात बोलणं झालंच. माझ्या वडलांपर्यंतही पोचलं. वडील येऊन गेले, ओसरीवर बसले, सगळं पाहिलं आणि जाताना मला म्हणाले, “करतेस ते कर.”

आक्का परत आली ती अंगानं थोडी भरली होती. केस विंचरलेले, अंबाडा नीट. तिला वाटत होतं ते धावत येतील. मलाही वाटत होतं. दीर पडवीत बसले होते. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. रुसले होते की ओळख पटली नव्हती, कळायला मार्ग नव्हता. ती खाली बसली, पिशवी बाजूला ठेवली. बऱ्याच वेळानं त्यांनी हात पुढं करून तिच्या लुगड्याचा पदर धरला, नि तो मनगटाभोवती गुंडाळायला लागले. आक्का हसली नाही. तिनं हळूच तो सोडवून घेतला आणि म्हणाली, “न्हाई आता. आता ते न्हाई.”

तेव्हापासून दुपारी आक्का घरात नसायची. आधी काकींच्या पडवीत जाऊन नुसती पडून राहायची. तिला झोप लागायची नाही. इकडं काही वाजलं की दचकून उठायची, दारापर्यंत यायची, मी हातानं ‘जा’ म्हणून खुणावलं की परत जायची. कितीतरी दिवस असंच चाललं. मग हळूहळू ती झोपायला लागली. घोरते म्हणून काकी हसायच्या. पुढं पुढं ती दुपारी रानात करवंदं तोडायला जायची, बायकांबरोबर वाल सोलत बसायची, दर पंधरवड्याला पोरांना भेटायला भऱ्याला जायची. थोरला मुलगा मोठा झाल्यावर घरी परत आला. धाकटी तिथंच शिकली.

दीर त्यानंतर बरीच वर्षं जगले. शब्द थोडे परत आले, संताप थोडा उतरला, पण ते पहिले कधीच झाले नाहीत. पुढं आम्ही वेगळे राहायला लागलो, तरी दुपारी मी त्या घरी जात राहिले, आणि मी गेले नाही तर मालक जायचे.

त्या वर्षांत एकदा, भात काढून झाल्यावर, आम्ही दोघी खळ्यावर बसलो होतो. मी आक्काला विचारलं, “त्या दिवशी पाण्यापाशी काय मनात हुतं गं तुझ्या?”

ती भाताच्या काडीनं जमिनीवर रेघा ओढत राहिली.

“मरायचं न्हवतं,” ती म्हणाली. “तिथवर विचारच गेला न्हाई. नुसतं वर यायचं न्हवतं. आनि एक वाटत हुतं, सांगते, कुनाला बोलू नगंस. वाटत हुतं, त्या दिशी ते गाडीवरनंच गेले असते तर मी रडले तरी असते.”

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आता काय वाटतं?”

“आता?” तिनं काडी टाकून दिली. “तो मानूस गेला, त्येला मी माझ्या मनात रडून घेतलं, भऱ्याला आसताना. परसात बसून, आई बाजूला हुती. आता हे जे घरात हायेत त्येंचं मी करते. ते मला कंदी कंदी हाका मारत्यात, माझं न्हवं, दुसऱ्याच कुनाचं तरी नाव घेऊन. मी व्हय म्हनते.”

खाली घराकडून दिरांचा आवाज आला. त्या वेळी आत्याबाई त्यांच्यापाशी होत्या. आक्का उठली नाही. ऊन कलेपर्यंत आम्ही तिथंच बसलो.